कानबाईच्या गाण्यांची सीडी



घरच्या संगणकावर गाण्यांची सीडी बनवायची तर कोणते सॉफ्टवेअर वापरावे, हा विषय आमच्या घरी २००६ सालच्या उन्हाळ्यात चांगले पंधरा दिवस चालला होता. आज कोणी सीडी बनवत नाही आणि नव्या लॅपटॉपला सीडीची फट सुद्धा नसते. तरीही हे लिहीत आहोत, कारण त्या पंधरा दिवसांत आम्ही दोघा बहीण-भावांनी जे ठरवले त्याच्यामुळेच आजीचा आवाज आज आमच्याजवळ आहे.

आमचे घर अमळनेरकडचे. लिंबायतीतल्या बहुतेक घरांसारखे आम्हीही सुरत-भुसावळ पॅसेंजरने इकडे आलेलो. गावची शेती सुटली, पण कानबाई सुटली नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी दोन खोल्यांच्या घरात कानबाई बसायची, रोट व्हायचे, आणि रात्रभर आजी व गल्लीतल्या बाया अहिराणीत गाणी म्हणायच्या. पप्पांनी १९९१ पासून काही वर्षे ती रात्र टू-इन-वनवर टेप केली. एकदा सकाळी त्यांनी ती आजीला ऐकवली, तर ती म्हणाली, "हाऊ मनाच आवाज शे का?" आणि लाजून स्वयंपाकघरात गेली. अशा सात कॅसेट जमल्या. चार साठ मिनिटांच्या, तीन नव्वदच्या.

आजी २००२ मध्ये गेली. २००६ मध्ये आत्याने सांगून पाठवले की मला त्या गाण्यांची सीडी करून द्या, माझा टेप बिघडला आहे. त्याच सुमारास घरात संगणक आला होता आणि त्याला सीडी रायटर होता. आत्याला आम्ही फोनवर सांगितले, "आत्या, या आठवड्यात सगळी गाणी बर्न करतो." ती घाबरलीच. मायची गाणी जाळता कशाला, असे तिचे म्हणणे! तिची समजूत काढायला बराच वेळ लागला. खरे तर ती अगदी चुकीचे बोलत नव्हती. कोऱ्या सीडीत रंगाचा एक पातळ थर असतो. लेझरचा किरण तो थर तापवतो आणि तापलेल्या जागेचे गुण बदलतात. प्लेअर तेच ठिपके वाचतो. म्हणून तर एका प्रसिद्ध सॉफ्टवेअरचे नाव ‘नीरो बर्निंग रॉम’ असे आहे आणि त्याच्या चित्रात रोमचे कलोसियम पेटलेले दाखवत. रोम जळत असताना वाद्य वाजवत बसणाऱ्या नीरो बादशहाची गोष्ट सर्वांना माहीत आहेच.

सॉफ्टवेअर निवडताना पहिली अडचण प्रकाराची आली. गाणी एमपीथ्री करून भरली तर सातही कॅसेटची साडेआठ तासांची गाणी एकाच ७०० एमबीच्या सीडीत मावत होती. पण आत्याचा प्लेअर जुना, तो एमपीथ्री वाचत नव्हता. त्याला साधी ऑडिओ सीडीच लागे, आणि ऑडिओ सीडीत ऐंशी मिनिटेच बसतात, कारण त्यात आवाज न दाबता ठेवलेला असतो, मिनिटाला साधारण दहा एमबी. म्हणजे साठ मिनिटांची कॅसेट एका सीडीत बसत होती, नव्वदची बसत नव्हती. तिची एक बाजू एका सीडीत आणि दुसरी दुसऱ्या सीडीत, असा हिशोब करून दहा सीड्या झाल्या. एका सीडीचे काम दहावर गेले म्हणून पप्पा हसले, पण ज्याला ऐकायचे त्याच्या घरी वाजले पाहिजे, हे त्यांनाही पटले.

दुसरी अडचण दोन सेकंदांची. सीडी बनवताना दोन गाण्यांच्या मध्ये दोन सेकंदांची शांतता आपोआप घातली जाते. सिनेमाच्या गाण्यांना ते चालते. कानबाईच्या रात्री मात्र एक बाई गाणे संपवते न संपवते तोच दुसरी पुढचे उचलते. तिथे शांतता घातली की सगळी रात्र तुकड्यातुकड्यांची होते. सलग सीडी हवी तर ती एका दमात लिहिणारे आणि मधली शांतता काढता येणारे सॉफ्टवेअर पाहिजे. संगणकात आधीपासून असलेल्या सोयीत आम्हाला ते बटण सापडले नाही. रायटरच्या खोक्यात मिळालेल्या नीरोच्या छोट्या आवृत्तीत ते होते. फुकट मिळणारी दोन-तीन सॉफ्टवेअर सुद्धा लावून पाहिली, चांगली होती. पण आत्याची सीडी खोक्यातल्या आवृत्तीवर करायची ठरली.

ओळखीच्या एका मुलाने नीरोची ‘फुल’ आवृत्ती आणून दिली होती. पाकिटावर पेनने नंबर लिहिलेला, अर्थातच चोरीची. पप्पा साडीच्या डिझाइनच्या कामात होते. ते म्हणाले, "आपली डिझाइन दुसऱ्याने छापली की आपण मार्केटमध्ये भांडायला जातो, आणि हे घरात ठेवायचे?" पाकीट परत गेले. याच कारणाने शेजाऱ्यांनी सिनेमाच्या गाण्यांच्या सीड्या करून मागितल्या तेव्हा आम्ही नम्रपणे नाही म्हटले. थोडी नाराजी झाली.

कॅसेटवरून संगणकात आवाज घेण्याला ऑडॅसिटी वापरले. ते २००० सालापासून फुकट मिळते आणि आजही मिळते. टेपची तार संगणकाच्या माइकच्या भोकात न घालता लाइन-इनच्या भोकात घालायची, नाहीतर आवाज फाटतो. कॅसेट पूर्ण वेळ वाजू द्यावी लागते, इथे घाई चालत नाही. साडेआठ तासांच्या गाण्यांना आमचे चार रविवार गेले.

इथे आमचे दोघांचे एकदा चांगलेच वाजले. त्या सॉफ्टवेअरमध्ये खरखर काढण्याची सोय आहे. एकाचे म्हणणे, आवाज स्वच्छ करू. करून पाहिले तर खरखरीबरोबर शेजारच्या कारखान्यातल्या लूमचा खटखट आवाजही पुसट झाला. त्या रात्री रात्रपाळी चालू होती आणि बाया नकळत त्याच ठेक्यावर गात होत्या. लूम गेल्यावर गाणे पोरके वाटू लागले. बांगड्या, रडणारे एक मूल (ते आमच्यापैकीच एक), भांड्याचा आवाज, हे सगळे मग तसेच ठेवले. टेपची नुसती सूं-सूं थोडी कमी केली, एवढेच.

खान्देशच्या माणसांना तर हे वेगळे सांगायला नको. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी घरच्यांनी कागदावर उतरवली, म्हणून त्या १९५१ मध्ये गेल्यावर पुढच्याच वर्षी त्यांचे पुत्र सोपानदेव यांना पुस्तक काढता आले. पण त्यांची चाल आणि गळा कागदावर कसा येणार? पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांच्याबरोबर बर्नार्ड बेल यांनी शेकडो बायांचे आवाज टेप केले. ते आवाज संगणकात उतरवलेले असल्यामुळे २०१७ पासून इंटरनेटवर ‘पारी’च्या पानांवर कोणालाही ऐकता येतात. विद्यार्थ्यांनी जरूर ऐकावेत.

सीडी लिहिताना वेग आठपटच ठेवला, रायटर ५२ पटीचा होता तरी. एक तासाची सीडी साडेसात मिनिटांत होते, तेवढा धीर धरता येतो. एक सीडी मध्येच वीज गेल्यामुळे वाया गेली. रक्षाबंधनाच्या आधीच दहा सीड्या आत्याच्या हातात पडल्या. त्याच आठवड्यात तापीला पूर आला. आत्याचे घर अडाजणला, तळमजल्यावर. टीव्ही गेला, फ्रिज गेला, प्लेअरही गेला. सीड्या वरच्या मजल्यावरच्या शेजारणीकडे ऐकायला दिलेल्या होत्या, त्या वाचल्या.

पुढे २०१९ मध्ये त्या दहा सीड्या आम्ही तपासल्या. आठ नीट वाचल्या गेल्या. दोन सीड्यांची शेवटची काही मिनिटे अडकत होती. सीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे कडेला चरे पडले की शेवटची गाणी जातात. नाजूक बाजू मात्र वरची, नाव लिहितो ती. तिच्यावर बॉलपेनने लिहू नये, चिकटपट्टी लावू नये. संगणकातल्या मूळ फाइली आम्ही पुसल्या नव्हत्या, म्हणून काही गेले नाही. आता त्या दोन हार्ड डिस्कवर आहेत, एक लिंबायतीत आणि एक आत्याच्या मुलाकडे.

आपल्या शाळेच्या कपाटात जुन्या स्नेहसंमेलनांच्या कॅसेटचे एक खोके आहे, असे शिपाईकाका सांगतात. विश्वस्त मंडळींची परवानगी असेल तर त्या संगणकात उतरवून द्यायला आम्ही तयार आहोत. पप्पांचा टेप अजून चालतो, मागच्या महिन्यात त्याचा पट्टा बदलून घेतला आहे. फक्त खोके पावसाळ्याच्या आधी मिळावे. आणि कॅसेटवर वर्ष लिहिलेले नसेल तर त्या वर्षीच्या विद्यार्थ्यांपैकी कोणीतरी रविवारी सकाळी सोबत बसावे, म्हणजे कोण गात आहे ते लिहून ठेवता येईल.