परिचर्येची पदवी

गेल्या जून महिन्यांत आमचे एक जुने विद्यार्थी आपल्या कन्येस घेऊन आमच्याकडे आले. मुलगी बारावी उत्तीर्ण झालेली. वैद्यकीस गुण कमी पडलेले. "डॉक्टरी नाहीं तर नाहीं, निदान नर्सिंगला तरी घालावी म्हणतों," असें ते म्हणाले. त्या 'निदान' शब्दाचा आम्हांस राग आला, आणि लगेच लाजहि वाटली. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या पुतणीनें हाच मार्ग धरावयाचें मनांत आणलें, तेव्हां शिकल्यासवरल्या घरांतील मुलीनें हें करावयाचें काय, असें विचारून आम्हींच तिला परतविलें होतें. १९०९ सालीं स्थापन झालेल्या पुणें सेवासदनानें विधवांस परिचर्या शिकविली, ही गोष्ट आम्ही व्याख्यानांतून अभिमानानें सांगत आलों आहों! पुतणी आज बँकेंत आहे. त्या विषयावर ती आमच्याशीं बोलत नाहीं.

या खेपेस आम्ही शहाण्यासारखें बोलावयाचें ठरविलें. पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. तीन वर्षांची पदविका निराळी. महाराष्ट्रांत पदवीच्या प्रवेशास आतां सामाईक परीक्षा द्यावी लागते. ही माहिती कोठेंहि मिळते. महाविद्यालयाची पारख मात्र स्वतः केली पाहिजे. इमारत पाहूं नये, त्याचें रुग्णालय पाहावें. तेथील खाटांवर खरोखर रोगी आहेत कीं नुसत्या पांढऱ्या चादरी, हें डोळ्यांनीं पाहावें. शरीररचना आणि सूक्ष्मजंतुशास्त्र पुस्तकांतून येईल, परंतु अंथरुणाला खिळलेल्या माणसास दर दोन तासांनीं कूस पालटून देणें, त्याची पाठ चिघळूं न देणें, आणि हें करतांना त्यास आपली लाज वाटूं न देणें, हें पुस्तकांत येत नाहीं. मलमूत्राची किळस, रात्रपाळी, सणाच्या दिवशींहि कामावर जाणें, यांचा विचार घरांत बसून आधींच व्हावा. पदवी हातीं आली तरी राज्याच्या परिचर्या परिषदेच्या पटावर नांव चढल्यावांचून काम करतां येत नाहीं. आणि परदेशच्या पगारावर डोळा ठेवणारांनीं तिकडच्या परीक्षांचाहि हिशेब धरावा.

वडील मान डोलवीत होते. मुलगी गप्प होती.

मग आम्हीं आमची हकीकत सांगितली. दोन वर्षांपूर्वीं आमच्या पोटावर शस्त्रक्रिया झाली. सायंकाळीं डॉक्टर येऊन, पांच मिनिटें थांबून, "उत्तम" म्हणून गेले. रात्रीं दोनच्या सुमारास सिस्टर नाडी पाहावयास आल्या. आम्हांस कांहींच होत नव्हतें, उलट झोपमोड झाल्याचा त्रासच वाटला. त्यांनीं नाडी मोजली, पुन्हा मोजली, आमचा तळहात आपल्या हातांत धरला आणि म्हणाल्या, "हात गार लागतोय." रक्तदाब अजून फारसा उतरला नव्हता; तरी त्यांनीं डॉक्टरांस उठविलें, त्यांची नाराजी सोसली आणि जागच्या हलल्या नाहींत. आंत रक्तस्राव होत होता. अर्ध्या तासांत आम्ही पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर होतों.

"डॉक्टरांचे पाठ चुकले असें नव्हे," आम्ही म्हणालों, "पण रात्रीं दोन वाजतां खाटेपाशीं कोण असतें, तें पाहून निर्णय घे."

तेव्हां मुलीनें प्रथमच तोंड उघडलें. "सर, त्या सिस्टरांचें नांव काय?"

घरीं आल्यावर डॉक्टरांस आम्हीं फळांची करंडी पाठविली होती. सिस्टरांचें नांव विचारावयाचें राहूनच गेलें होतें.