खिडकीवरचा चुना

अहिवाऱ्याच्या आमच्या घरात आईची खोली पूर्वेला आहे. तिच्या खिडकीला बाहेरून डासांची बारीक तारेची जाळी आणि आतल्या बाजूस उघडणारी काचेची झडपे आहेत. गेल्या वर्षी चैत्र सरता सरता एके सकाळी ही जाळी खालच्या कोपऱ्यात फाटलेली दिसली. मांजराचे काम असावे असे समजून मी तारेचे दोन टाके घातले. दुसऱ्या दिवशी टाक्यांच्या शेजारी तीन नवी भोके पडलेली होती. आईला विचारले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "मांजर कसलं रे? पाहुणा येतो. रोज उजाडलं की येतो, खिडकी वाजवतो आणि रागावून निघून जातो."

पाहुणा म्हणजे राखी धनेश होता. आकार घारीएवढा, लांबी सुमारे दोन फूट. रंग राखेचा, शेपटी लांब, बाकदार चोचीवर छोटे शिंग ठेवल्यासारखा उंचवटा. खिडकीच्या गजावर बसून तो मान तिरपी करी, आत पाही आणि मग साऱ्या बळाने चोच हाणी. चोच जाळीतून आरपार जाऊन काचेवर आपटे. एकदा तर त्या जाळीवर मला रक्ताचा बारीकसा डाग दिसला.

हे गाव आमचे कसे झाले, ते सांगितले पाहिजे. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने भिलाईचा पोलाद कारखाना उभारण्याचा करार १९५५ साली झाला. १९५९ च्या फेब्रुवारीत तिथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. लोखंडाच्या खनिजातील वाळूसारखा गाळ वितळवून वेगळा काढायला चुनखडी लागते. ती अहिवाऱ्यालगतच्या नंदिनीच्या खाणींतून येऊ लागली. वडील अमरावतीकडून या खाणीवर नोकरीस आले आणि निवृत्तीनंतर इथेच घर बांधून राहिले. भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगढात मराठी कुटुंबे येत राहिली आहेत. आम्ही त्यांतले अगदी अलीकडचे. वडील गेले, मी अध्यापनातून निवृत्त होऊन परतलो. आईचे गुडघे आता तिला खोलीबाहेर फारसे नेत नाहीत. तळ्याकडे जाणाऱ्या बाया, शाळेची मुले, कुंपणापलीकडचा जुना कडुनिंब, एवढे तिचे जग त्या एका खिडकीतून आत येते.

पक्ष्याला घालवण्याचे उपाय शेजारीपाजारी प्रत्येकाजवळ होते. रबरी साप टांगला. दोन दिवस धनेश दूर राहिला, तिसऱ्या दिवशी सापाशेजारीच बसला. चमकणाऱ्या कागदाच्या पट्ट्या बांधल्या. त्यांचाही तोच अनुभव. काठी घेऊन उभा राहिलो, तर मी चहाला वळलो की तो हजर. मग वाटले, त्याला आतले काही दिसत असावे. म्हणून काचेमागे जाड निळा पडदा सोडला. त्या दिवशी त्याचा मारा दुप्पट झाला. संध्याकाळी अंगणातून मी स्वतः त्या खिडकीकडे पाहिले आणि चूक उमगली. पडद्याने खोली काळोखी केली होती, बाहेर लख्ख उजेड होता. काचेचा उत्तम आरसा मीच करून ठेवला होता. त्यात माझा चेहरा स्पष्ट दिसत होता. धनेश खिडकीशी भांडत नव्हता. विणीच्या दिवसांत आपल्या हद्दीत शिरलेल्या दुसऱ्या नराशी तो भांडत होता.

पंचतंत्रातला भासुरक सिंह विहिरीत आपले प्रतिबिंब पाहून उडी घेतो, ही गोष्ट आपण ससा होऊन ऐकतो आणि हसतो. मला प्रथमच वाटले, या गोष्टीत आपण ससा नसून विहीर आहोत. आलंकारिकांनी सादृश्यातून होणाऱ्या अशा भ्रमाला भ्रांतिमान म्हटले. पण साहित्यदर्पणकार विश्वनाथाने अट घातली की हा भ्रम कविप्रतिभेतून उपजलेला असावा. खरा भ्रम हा अलंकार नव्हे. जाळीवरचा तो डाग पाहिल्यावर त्या अटीमागचा विवेक कळतो. आरशातले रूप आपलेच आहे हे ओळखणारे प्राणी थोडे. १९७० साली गॉर्डन गॅलप यांनी चिंपांझींच्या अंगी ही ओळख असल्याचे दाखवले. २००८ साली जर्मनीतील संशोधकांना ती मॅगपाय या काकवर्गीय पक्ष्यात आढळली. आमचा धनेश मात्र रोज सकाळी नव्या शत्रूला भेटत होता.

पुढचे आईने दाखवले. "तो इथून उठला की कडुनिंबाकडे जातो बघ. खोडाला चिकटून बसतो नि लगेच उडतो." मी दुर्बीण लावली. खोडात उंचावर एक ढोली होती; तिचे तोंड लिंपलेले, मध्ये उभी फट, आणि त्या फटीत एका चोचीचे टोक. धनेशाची मादी अंडी घालण्यापूर्वी ढोलीत शिरते आणि विष्ठा व चिखल यांनी दार बंद करून घेते. आत तिची पिसे झडतात; तिला उडता येत नाही. नर वडा-पिंपळाची फळे गळ्यात साठवून आणतो आणि एकेक करून फटीतून तिला देतो. पिले जरा मोठी होईपर्यंत ती त्या फटीवर जगते. नर खिडकीवर जितका वेळ झुंजत होता, तितका वेळ कडुनिंबात कोणी उपाशी होते; आणि तो जायबंदी झाला असता तर ती ढोली एक थडगे झाली असती.

याच सुमारास एक गृहस्थ दारी आले. हा पक्षी रोज ठरल्या जागी येतो हे त्यांच्या कानी गेले होते. धनेशाच्या चरबीचे तेल सांधेदुखीवर रामबाण, पक्षी आपण धरून देऊ, आईंचे गुडघे सुधारतील आणि खिडकीही वाचेल, असे त्यांचे म्हणणे. या तेलाच्या निराधार समजुतीपायी कितीतरी धनेश मारले गेले आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये तो गुन्हाही आहे. मी कायद्याची भाषा जुळवीत होतो, तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, "माझे गुडघे ऐंशी वर्षं चालले. त्यांचं काही देणं राहिलेलं नाही. त्यांना चहा दे आणि जाऊ दे."

त्या रात्री मी तिला उपाय सांगितला. झडपे उघडी ठेवली तर प्रतिबिंब पडणार नाही. पण सकाळी नऊपासून झळा आणि धूळ आत येणार. काच बंद ठेवायची तर तिचा बाहेरचा पृष्ठभाग आंधळा करावा लागेल. म्हणजे पावसापर्यंत तिला खिडकीतून काहीही दिसणार नव्हते. ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "त्या झाडातलीला तरी कुठे काय दिसतंय? लाव."

सकाळी झडपे आत ओढून मी काचांच्या बाहेरच्या अंगावर चुन्याचे दाट पाणी फासले. ज्या चुनखडीने आम्हाला या गावात आणले, तिचाच तो चुना. धनेश आला, गजावर बसला, मान तिरपी केली. समोर कोणी नव्हते. दोन-तीन दिवस तो येऊन पाहून गेला. मग थेट कडुनिंबाकडेच जाऊ लागला. मी जाळी नवी बसवली. खोलीत दिवसभर दुधी उजेड असे. आई मला विचारी, "आज किती वेळा आला?" आणि मी अंगणातून मोजून सांगत असे. तिची खिडकी काही आठवडे मी होतो.

नंदिनीच्या रिकाम्या झालेल्या खाणींवर अलीकडे झाडे लावली गेली आहेत, याचा आनंदच आहे. पण धनेशाला ढोली कोरता येत नाही. त्याला जुन्या खोडात आयती मिळावी लागते, आणि रोपाच्या खोडात ढोली व्हायला माणसाचे आयुष्य जाते. आमचा कडुनिंब वडिलांनी घर बांधले तेव्हाही जुनाच होता.

जूनच्या मध्यास पहिला पाऊस आला. काचेवरचा चुना पांढऱ्या ओघळांनी उतरू लागला, तेव्हा तो पुन्हा लावावा का, हे विचारायला मी खोलीत गेलो. आई उशी टेकून बसली होती आणि ओघळांमधल्या मोकळ्या पट्टीतून बाहेर पाहत होती. कडुनिंबाच्या फांदीवर, भिजत, दोन धनेश बसले होते.

"राहू दे आता," ती म्हणाली.