मामाचा पीएसपी

दशलक्षणाच्या दिवसांत उपवास-एकाशनांबद्दल लिहायचं सोडून ही खेळण्याच्या यंत्राबद्दल काय लिहितेय, असं वाटेल. पण आमच्या घरात गेल्या पर्वात तेच घडलं, म्हणून तेच लिहिते.

माझा धाकटा भाऊ २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनात गेला. त्याचा पीएसपी वहिनीने माझ्या मुलाला दिला. सोनीचा हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम, ३००० मॉडेल. सोबत सोळा जीबीचं त्याचं मेमरी कार्ड आणि चार गेमच्या छोट्या डिस्क, एका पेढ्याच्या डब्यात. भावाने त्यात कस्टम फर्मवेअर टाकलं होतं. म्हणजे कंपनीने दिलेल्या मूळ प्रणालीऐवजी हौशी लोकांनी बदलून घेतलेली, जी डिस्क नसतानाही कार्डावरचे गेम चालवते.

उत्तम आर्जवाच्या दिवशी मी अभिषेकाहून आले, तर चिरंजीव तोंड पाडून बसलेले. स्विच सरकवला की हिरवा दिवा लागायचा, पडदा काळाच राहायचा आणि थोड्या वेळात दिवाही विझायचा. दोन दिवसांनी हे दुकानाचा माल आणायला संभाजीनगरला गेले, तेव्हा एका दुरुस्तीवाल्याला दाखवून आले. त्याने उघडूनही न पाहता "बोर्ड गेला" सांगितलं. कन्नडहून साठ किलोमीटर जाऊन एवढंच ऐकायचं, हे काही मला पटलं नाही. दुकानाचं जीएसटीचं बिलिंग मी सात वर्षं सांभाळते. कॉम्प्युटर अडला की एकेक गोष्ट बाजूला काढून बघायची, एवढं मला कळतं.

मागचं झाकण काढलं तर बॅटरी फुगलेली, गरम पुरीसारखी. ती टोचायची नाही, दाबायची नाही, घंटागाडीतही टाकायची नाही. स्टीलच्या डब्यात घालून गॅलरीत ठेवली, पुढे ई-कचऱ्यात दिली. पीएसपी बॅटरीशिवाय नुसत्या चार्जरवर चालतो. चार्जर लावला आणि मेनू आला! बोर्ड शाबूत होता.

पण आनंद मिनिटभरच टिकला. तारीख-वेळ नव्याने विचारली, आणि गेम एकही दिसेना. मुलाने टाकलेली एक छोटी हौशी अ‍ॅप होती, ती उघडायला गेला तर ८००२०१४८ असा आकडा. त्याला वाटलं सगळं गेलं. त्या आकड्याचा अर्थ एवढाच, की कंपनीची मूळ प्रणाली हा प्रोग्रॅम ओळखत नाही. या मॉडेलवर भावाने टाकलेली ६.६० प्रो ही कायमची बसत नाही. यंत्र पूर्ण बंद झालं किंवा बॅटरी काढली की ती उतरते आणि कंपनीची मूळ प्रणाली वर येते. मग फास्ट रिकव्हरी नावाचा प्रोग्रॅम चालवून ती पुन्हा चढवायची. रोज सामायिकाला नव्याने बसावं लागतं, तसंच काहीसं.

फास्ट रिकव्हरी चालवली. पडदा काळा, दिवा विझला. पुन्हा तेच.

आता मी विचारलं, "तू यात काय बदललंस?" बराच वेळ गप्प. मग कळलं, त्याने साठवलेल्या पैशांतून ऑनलाइन ६४ जीबीचं कार्ड आणि ते बसवायचा अ‍ॅडॅप्टर घेतला होता आणि मामाच्या कार्डावरचं सगळं त्यात हलवलं होतं. कॉपी नाही, कट-पेस्ट. आधी पीएसपी नावाचा फोल्डर, मग गेम, मग मामाचे फोटो, शेवटी प्लगिन.

नवं कार्ड दुकानाच्या कॉम्प्युटरला लावलं. फोटो उघडेनात. लहान प्रोग्रॅम मिळतात, त्यातल्या एचटूटेस्टडब्ल्यूने तपासायचं ठरवलं. पण तो कार्डावर लिहून बघतो, म्हणून आधी जे वाचता येत होतं ते सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं. मग तपासलं. ६४ जीबी छापलेल्या कार्डात खरी जागा सातच्या आसपास. त्यापुढे लिहिलेलं सगळं हवेत. कार्ड तक्रार करत नाही, "लिहिलं" म्हणतं आणि टाकून देतं. म्हणून पहिल्या फोल्डरमधली फास्ट रिकव्हरी धड होती आणि शेवटी गेलेलं प्लगिन कचरा झालं होतं. प्रणाली चढताना ते प्लगिन वाचायला जायची आणि तिथेच अडकायची. (ज्यांच्या मुलांकडे असं यंत्र आहे त्यांच्यासाठी: कार्डावर सेप्लगिन्स नावाच्या फोल्डरमध्ये साधी मजकुराची फाइल असते. ओळीच्या शेवटी १ असेल तर प्लगिन चालू, ० केलं की बंद. तेवढ्याने बहुतेक वेळा काळा पडदा जातो.)

माझं लक्ष मात्र फोटोंवर. फाइल खोडली की नाव यादीतून जातं, मजकूर तिथेच पडून असतो, वर दुसरं काही लिहीपर्यंत. मुलाला बजावलं, मामाच्या जुन्या कार्डाला हात लावायचा नाही, यंत्रात घालायचंसुद्धा नाही. त्या रात्री फोटोरेक नावाचा फुकट प्रोग्रॅम चालवला. सकाळी मंदिरात निघण्याआधी पाहिलं तर २१२ फोटो. नावं गेलेली, क्रम गेलेला, पण भाऊ होता. वेरूळला बत्तिसाव्या लेणीत, इंद्रसभेत, मी डोक्यावर पदर घेऊन उभी आणि मागे तो जीभ काढून. वहिनीला तो पाठवला नाही अजून.

त्या दिवशी पर्वाचा सातवा दिवस, तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय. व्रतांचा अध्याय. पंडितजी अचौर्याचे पाच अतिचार समजावत होते. दरवर्षी मी ते ऐकते आणि दुकानाशी जोडते. हीनाधिकमानोन्मान म्हणजे मापात पाप, आमचे काटे दरवर्षी शिक्का मारून घेतलेले असतात, मन स्वच्छ. प्रतिरूपकव्यवहार म्हणजे खऱ्याच्या नावाने खोटं देणं. मला ते ६४ जीबीचं कार्ड आठवलं आणि जरा समाधानही वाटलं, कारण तो अतिचार दुसऱ्याचा होता. मग तदाहृतादान आलं. चोरून आणलेली वस्तू घेणं. भावाच्या कार्डावर एकोणीस गेम होते. डिस्क चार.

घरी येऊन मुलाला सांगितलं. तो चिडला. "आई, ते आता विकतच मिळत नाहीत. पीएसपीचं ऑनलाइन दुकान बंद झालं. कोणाचं नुकसान होतं?" हे म्हणाले, दुकान बंद असलं म्हणून माल आपला होत नाही. पण त्यांनीही आवाज चढवला नाही. मुलाचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं, हे मला आजही वाटतं. कस्टम फर्मवेअरलाही मी चोरी म्हणत नाही. आपल्या कपाटाचं कुलूप आपण बदललं, एवढंच. प्रश्न कपाटात काय ठेवलं त्याचा.

गोळ्या घालायचे सात गेम काढायला वाद झाला नाही, डिस्क असो वा नसो. त्यात दोन डिस्कही गेल्या. उरलेल्यांतले नऊ मुलाने स्वतः खोडले, एकेक, मला दाखवत. डिस्क असलेले दोन ठेवले.

एक राहिला. फुटबॉलचा. डिस्क नाही. त्यात मामाने स्वतःचा संघ केला होता आणि खेळाडूंना आमच्या घरातली नावं दिली होती. गोलकीपर मी. तो मी काढला नाही, मुलालाही काढू दिला नाही. मैत्रिणींनो, इथे मला चुकलेली म्हणा. त्या वर्षीच्या प्रतिक्रमणात मी तो गेम मनात धरून बसले आणि उठल्यावरही काढला नाही. पर्व संपेपर्यंत गोड सोडलं, पण त्याने हिशेब मिटला असं मी म्हणत नाही.

फोटो निघाल्यावर जुन्या कार्डावर बाकी सगळं परत ठेवलं, प्लगिनशिवाय. नवी बॅटरी आली, वाटेल तो आकडा छापलेली नाही, मूळ बॅटरीसारखी १२०० ची. फास्ट रिकव्हरी चालवली. पडदा क्षणभर काळा झाला, आम्ही तिघंही श्वास धरून, आणि मेनू आला.

मुलाने फुटबॉल उघडला. जतन केलेल्या खेळावर तारीख होती, मार्च २०२१, रात्री पावणेबारा. अर्धा तास खेळला. शेवटी यंत्राने विचारलं, जुन्यावरच जतन करायचं का? त्याने माझ्याकडे पाहिलं, नाही दाबलं आणि खालची रिकामी जागा निवडली.