पांढरं सिंक, पितळी नळ

न्यूझीलंडमधल्या माउंट रॉस्किलमध्ये जुनं लाकडी घर घेतलेली मराठी कुटुंबं स्वयंपाकघर नव्यानं करून घ्यायला माझ्याकडे येतात, तेव्हा मोबाइलमध्ये एक फोटो बहुधा असतोच. पांढरंशुभ्र, खोल, पुढची कड उघडी असलेलं चिनी मातीचं सिंक आणि वर भिंतीतून आलेले दोन पितळी नळ, एक गरम पाण्याचा, एक थंड. “ताई, आम्हाला असं पारंपरिक हवंय.” ते सिंक मलाही मनापासून आवडतं. तरी मी आधी विचारते, तुमच्याकडे भांडी कोण घासतं आणि कशी घासतं?

ते सिंक ज्या इंग्लिश घरांसाठी घडलं, तिथे भांडी धारेखाली धूत नसत. बूच लावून सिंक भरायचं, दोन्ही नळांचं पाणी आतच एकत्र करायचं, साबण कालवायचा आणि त्यात भांडी बुचकळून काढायची. पाणी सिंकमध्येच मिसळत असल्यामुळे नळ वेगळे असले तरी कुणाचं काही अडत नव्हतं. इथल्या कितीतरी घरांत आजही तसंच चालतं. आपण खरकटं काढतो, घासतो, घासलेली भांडी रचून ठेवतो आणि मग एकेक करून वाहत्या पाण्याखाली विसळतो. साबणाच्या पाण्यातून नुसतं वर काढलेलं ताट आपल्याला धुतल्यासारखं वाटत नाही. अशा हातांना जुलैच्या थंडीत दोन वेगळे नळ दिले, तर एकाखाली बोटं भाजतात आणि दुसऱ्याखाली बधिर होतात. म्हणून पितळी हवा तर पितळी घ्या, जुन्या घाटाचा घ्या, पण दोन्ही पाणी एकाच तोटीतून येऊ द्या. यावर मी सहसा माघार घेत नाही.

आपली परंपरा शोधायची तर मोरीपर्यंत जावं लागतं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली शहाबादी फरशीची, बुटक्या कठड्याची मोरी. शेजारी पाण्याचा हंडा, बसायला पाट. मोठं पातेलं तिथे आडवं पाडून आतून घासता येई, घागर कलती करता येई, उताराच्या तोंडाशी खरकटं अडे. उभा ओटा आला तशी बसण्याची सवय गेली, आणि ते चांगलंच झालं. मोरीतली जागा मात्र सिंकमध्ये यायला हवी. मधे भिंत घातलेलं दीड-दोन कप्प्यांचं सिंक दुकानात सोयीचं दिसतं, पण त्यात ना परात मावते, ना पाच लिटरचा कुकर आडवा होतो. एकच मोठा कप्पा घ्यावा. ६०० मिलिमीटरच्या कपाटात आतून ५०० मिलिमीटरच्या आसपास लांबी मिळते, आणि साधारण घरातली परात तेवढ्यात फिरते.

खोलीबद्दल मात्र मी कंजूष आहे. इथला ओटा ९०० मिलिमीटर उंच असतो. त्यात २५० मिलिमीटर खोल सिंक बसवलं की तळ जमिनीपासून ६५० मिलिमीटरवर जातो, आणि माणसाचे हात काम करतात ते तळाशी. पाच फूट उंचीच्या सासूबाईंना रोज तिथे वाकून घासायला लावायचं म्हणजे त्यांची कंबर धरणार. २०० मिलिमीटर पुरतात. त्या पांढऱ्या सिंकचा खरा गुण इथे कळतो. पुढची कड उघडी असल्यामुळे साध्या सिंकपुढे ओट्याची जी पट्टी उरते ती नाहीशी होते, आणि माणूस पाण्याच्या अगदी जवळ उभा राहतो. दिसण्याच्या आधी त्यासाठी मी ते सुचवते.

ते अग्निमृत्तिकेचं असतं, १,२०० अंशांच्या आसपास भाजलेलं, त्यामुळे त्यावरची चकाकी कडक काचेची असते. हळद तिच्यात मुरत नाही. हळद मुरते ती कडेच्या पांढऱ्या सिलिकॉनमध्ये, म्हणून तिथे मी करडं सिलिकॉन भरायला सांगते. स्टीलची पातेली सरकवली की तळावर करड्या रेघा उठतात. मालकीणबाई घाबरून फोन करतात, सिंकला चरे पडले म्हणून. ते चरे नसतात, भांड्याचंच घासलं गेलेलं स्टील असतं, आणि हलक्या पावडरनं निघतं. हातातून सुटलेला खलबत्त्याचा बत्ता मात्र तिथे माफ नाही. टवका उडाला की उडाला. ज्या घरात अजून पुरण वाटलं जातं, पितळी पातेली वापरात आहेत, तिथे मी स्टीलकडे झुकते.

स्टील घेताना ३०४ जातीचं घ्यावं, ज्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, आणि पत्रा १.२ मिलिमीटरचा असावा. तळावर बोटांनी वाजवून बघा, पातळ पत्रा लगेच ओळखू येतो. त्याला फक्त मिठाचं वावडं आहे. लोणच्याच्या बरणीतलं खारं पाणी रात्रभर साचलं तर तांबूस ठिपके धरतात.

आणि एक विनंती. न्यूझीलंड सरकारनं १९३७ मध्ये वेलिंग्टनच्या मिरामारमधून स्टेट हाउसेस बांधायला सुरुवात केली, आणि युद्धानंतरच्या वर्षांत तशी घरं रॉस्किलमध्येही मोठ्या संख्येनं उभी राहिली. अशा जुन्या घरांत कधी कधी एकाच पत्र्यातून काढलेला स्टीलचा लांब ओटा सापडतो. सिंक त्यातच दाबून केलेलं, शेजारी पाणी निथळायला पन्हळ्या. कुठे सांधा नाही, त्यामुळे कुठे घाण अडत नाही. नवीन मालक पहिल्या दिवशी तो उपटायला निघतात. पत्रा फाटला नसेल तर राहू द्या, खालची कपाटं बदला, नळ बदला. या उपनगराचं खरं पारंपरिक स्वयंपाकघर तेच आहे.

पुण्याच्या तांबट आळीतल्या मठारकामावर जीव असलेले काहीजण तांब्याचं सिंक मागतात. तांबं सुंदरच. पण जिथे कोकम, चिंच, लिंबू पडेल तेवढाच भाग उजळतो आणि बाकीचा काळवंडतो. ते चट्टे ज्याला बघवतील त्यानंच घ्यावं. लाखेचा थर नसलेल्या पितळी नळाचंही तसंच, त्याला अधूनमधून चिंच लावायची हौस असली पाहिजे. थर दिलेल्या नळाला मात्र पितांबरी अजिबात लावू नका, मुलामा जातो. पितळ यंत्रावर सहज कातता यावं म्हणून त्यात पूर्वी शिसं घालत. आता पिण्याच्या पाण्याच्या नळात शिशाची मर्यादा ०.२५ टक्के आहे. जुन्या बाजारातला देखणा नळ बाल्कनीतल्या कुंड्यांसाठी ठेवा.

श्रीखंडाचा चक्का तुम्ही कुठे टांगता? हा प्रश्न ऐकून लोक हसतात, मग विचारात पडतात. पंचा बांधून नळाला लटकवायचा, खाली सिंक, सकाळपर्यंत पाणी गळून जातं. ओढून बाहेर येणाऱ्या तोंडाचा नवा नळ दोन किलो दह्याचा भार पेलत नाही, त्याचं तोंड खाली सरकतं. पक्क्या मानेचा उंच नळ भार सोसतो, पण रोज नको. मी खिडकीच्या चौकटीला सिंकच्या बरोबर वर एक आकडा बसवून देते. गुढीपाडव्याला त्या आकड्याबद्दल घराघरांतून निरोप येतात.

या सगळ्याच्या आधी मात्र छपराकडे बघा. छपरातून तांब्याची एक बारीक नळी वर आलेली दिसली, तर घरातला गरम पाण्याचा सिलिंडर बहुधा लो प्रेशरचा आहे. त्यातून पाणी सुमारे ७६ किलोपास्कल दाबानं येतं, काही जुन्या घरांत त्याच्या निम्म्यानं, आणि थंड पाणी रस्त्यावरच्या वाहिनीतून त्याच्या कितीतरी पट जोरानं. महागडा आयात नळ बसवला की थंड पाणी गरम पाण्याला मागे रेटतं आणि तोटीतून कोमट धार येते. दोष नळाचा नसतो, तो तिथे लावायचा नव्हता. अशा घराला असमान दाब चालणारा नळ लागतो आणि त्याच्या जोडनळ्या बारीक नसाव्या लागतात. सिलिंडर बदलून मेन्स प्रेशर करता येतं, पण तो खर्च सिंक आणि नळ मिळून होणाऱ्या खर्चाहून मोठा आहे, म्हणून तो निर्णय पहिला घ्या.

दुकानात जाल तेव्हा घरातली सर्वांत मोठी परात आणि सर्वांत उंच कळशी बरोबर न्या. सिंकमध्ये ठेवून बघा, नळाखाली धरून बघा. विक्रेता काय म्हणेल याची चिंता करू नका. आणि नळाच्या खोक्यावर छापलेला किमान दाब वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.