वरच्या मजल्यावरचा चहा

चहा बदलला आणि माझं वजन उतरलं, असं सांगितलं की लोक लगेच विचारतात, 'कुठला चहा? नाव सांगा, आम्हीही मागवतो.' नाव सांगून भागलं असतं तर बरं होतं. पण श्रेय कुठल्याच पाकिटाचं नाही. ते आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांचं आहे, आणि त्यांना ते मी कधी नीट सांगितलेलं नाही.

काकांची सगळी नोकरी कोलकात्यात, चहाच्या दलालीच्या पेढीत झाली. लिलावाला येणारा चहा चाखायचा आणि त्याचा भाव सुचवायचा, हे त्यांचं काम. कोलकात्यात चहाचा लिलाव 1861 पासून चालतो, हेही मला त्यांच्याकडूनच कळलं. निवृत्तीनंतर ते पुण्याला आले. जिन्यात भेटले की 'काय गं, शाळा काय म्हणते?' एवढीच आमची ओळख.

शाळेत चहा भरपूर. घरचे दोन, स्टाफरूममधले दोन, कुणी पालक भेटायला आले की आणखी एक. आलेल्या चहाला नाही म्हणायचं नाही, हे तर आमच्या घरचं वळणच. चाळिशीनंतर गुडघे कुरकुरायला लागले आणि डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं. मी ग्रीन टी आणला आणि जन्मभर जसा चहा केला तसाच तोही केला. पातेल्यात पाणी, त्यात पत्ती, दोन-तीन सणसणीत उकळ्या, वर झाकण. कडूजहर लागायचा, म्हणून चांगले दोन चमचे मध. काटा जागचा हलेना. दोष अर्थातच मी पत्तीला दिला.

एकदा काका सोसायटीच्या वर्गणीसाठी आले होते. कौतुकाने त्यांच्यापुढे तो कप ठेवला. त्यांनी एक घोट घेतला, कप बशीत ठेवला आणि म्हणाले, 'अगं, हा चहा नाही, काढा झालाय. उद्या वर ये.'

दुसऱ्या दिवशी वर गेले तर टेबलावर पांढरे झाकणाचे कप आणि सराफाकडे असतो तसला छोटा काटा. चाखायच्या चहाचं माप ठरलेलं असतं: 100 मिलिलिटर पाण्याला 2 ग्रॅम पत्ती, 6 मिनिटं. 'ती परीक्षा झाली,' काका म्हणाले. 'त्यात चहाचे दोषही बाहेर काढायचे असतात. प्यायचा चहा एवढा छळू नये.' मग माझ्याच पाकिटातली पत्ती त्यांनी दोन कपांत घातली. एकात खळखळतं पाणी ओतलं. दुसऱ्यासाठी पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात दोनदा ओतून 80 अंशांच्या आसपास आणलं आणि दोन मिनिटांत गाळलं. पहिला कप माझ्या ओळखीचा, घशाला आवळणारा. दुसरा फिकट पोपटी, मटारच्या कोवळ्या शेंगेसारखा गोडसर. पत्ती तीच होती. उकळत्या पाण्यात तुरट-कडू द्रव्यं भराभर उतरतात, निवलेल्या पाण्यात ती बेताने उतरतात आणि पत्तीतला गोडवा जिभेला कळतो, एवढं साधं कारण. त्या कपात मध घालावा असं मनातही आलं नाही.

तेव्हा काकांनी विचारलं, 'दिवसाकाठी साखर किती जाते गं?' पाच कप, प्रत्येकी दोन चमचे. चमच्यात चार-पाच ग्रॅम धरले तरी चाळीसच्या पुढे गेले. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये वरून घातलेल्या साखरेसाठी सुचवलेली उत्तम मर्यादा दिवसाला साधारण 25 ग्रॅमची आहे. बिनदुधाच्या, बिनसाखरेच्या चहात कॅलरी जवळजवळ नसतातच. माझ्या साखरेच्याच दीड-दोनशे होत होत्या, दूध वेगळं. मध ही साखरच, हे शाळेत शिकवणाऱ्या बाईला कुणी सांगावं लागावं!

काकांनी काहीही तोडायला लावलं नाही. सीटीसीची दाणेदार पत्ती दुधातच शोभते, तो सकाळचा एक कप तसाच ठेव म्हणाले, फक्त साखर आठवड्याला अर्धा-अर्धा चमचा उतरव. दुपारसाठी दार्जिलिंगच्या फर्स्ट फ्लशची, म्हणजे मार्च-एप्रिलमधल्या पहिल्या खुड्याची एक छोटी डबी दिली. संध्याकाळी गवती चहा आणि आलं. त्यात कॅफीन नाही, त्यामुळे झोप मोडत नाही. आणखी एक फायदा आपोआप झाला. बिनदुधाच्या चहात खारी बुडवून खाण्यात काही अर्थ नाही. खारी सुटली. वजनात तिचा वाटा किती आणि साखरेचा किती, हे मी सांगू शकत नाही, पण तिचा वाटा लहान नसावा.

मधेच मी पुन्हा घसरले. स्टाफरूममध्ये कुणीतरी 'स्लिमिंग टी' आणला. पोट झडझडून साफ, काटा किलोभर खाली. आनंदाने पाकीट वर नेलं. काकांनी भिंग काढलं, मागची बारीक अक्षरं वाचली आणि बोट ठेवलं: सोनामुखी. 'हे जुलाबाचं औषध आहे. गेलं ते पाणी, चरबी नाही. रोज घेशील तर आतडी आळशी होतील.' मला त्यांचा रागच आला होता. पण दोन दिवसांत किलो परत आला.

ग्रीन टी आणि वजन यांवरच्या प्रयोगांचा 2012 मधला कॉक्रेन आढावा पुढे वाचनात आला. त्यातून होणारी घट इतकी किरकोळ की आरोग्याच्या दृष्टीने तिला महत्त्व नाही, असा त्याचा निष्कर्ष. काकांनी तो वाचलेला नव्हता, पण सांगत होते तेच. पत्ती चरबी जाळत नाही, ती फक्त साखरेशिवाय पिता येण्याजोगी करायची असते. वजन हळूहळू उतरलं, गुडघे गप्प झाले. काकांना पैसे देऊ केले तर रागावले, म्हणून दर मार्चअखेर त्यांच्यासाठी नव्या खुड्याची डबी मागवते. ते आधी वास घेतात, मग ठेवून घ्यायची की नाही ते ठरवतात. दोनदा परत आली आहे.

वजनासाठी चहा घेणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं: पाकिटाची मागची बाजू वाचा, सोनामुखी दिसली तर ते जागेवर ठेवा. रक्त कमी असेल तर जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा नको, लोह अंगी लागत नाही. आणि ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. मोठ्या मात्रेत त्या यकृताला बाधू शकतात, असा इशारा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2018 मध्येच दिला आहे.