परक्या मातींत

पॅरिसला जाणाऱ्या प्रवाशानें राजवाडे, चित्रशाळा आणि मनोरे पाहावे, असा शिरस्ता आहे. आम्हीं मात्र पहिल्याच आठवड्यांत एका दफनभूमीची वाट धरली. माझा पुतण्या नोकरीनिमित्त त्या शहरीं बिऱ्हाड करून आहे. २०२४ च्या ऑक्टोबरांत त्याच्याकडे राहण्याचा योग आला, तेव्हां तो म्हणाला, "काका, आधीं काय दाखवूं?" मीं म्हटलें, "मुंबईंत ज्याचें पुस्तक प्रथम निघालें, असा एक इराणी ग्रंथकार येथें पुरला आहे. त्याच्याकडे जाऊं." पुतण्यास याचें नवल वाटलें, वाचकांसहि वाटेल, म्हणून ती हकीकत अगोदर सांगतों.

सादिक हिदायत हा १९०३ सालीं तेहरान येथें एका प्रतिष्ठित घराण्यांत जन्मला. १९३६ सालीं तो मुंबईस आला आणि बहरामगोर अंकलेसरिया या पारशी पंडितापाशीं पहलवी भाषा शिकूं लागला. मायदेशीं तेव्हां रझाशाहाची कडक अमदानी होती. लेखकाच्या ओळीओळीवर सरकारी डोळा असे. हिदायतनें मुंबईंत 'बूफ-ए-कूर', म्हणजे 'आंधळें घुबड', ही आपली लहानशी कादंबरी स्वहस्तें लिहून काढली, यंत्रावर तिच्या सुमारें ५० प्रती काढल्या, आणि इराणांत विक्रीस व प्रकाशनास मनाई असल्याची सूचना आपल्याच पुस्तकावर घातली! १९४१ सालीं रझाशाहानें गादी सोडली, तेव्हां कोठें ती कादंबरी तेहरानच्या एका वर्तमानपत्रांतून क्रमशः येऊं लागली. आज अर्वाचीन फारसी गद्यांत तिला अग्रस्थान देतात. जें घरीं बोलतां येईना, तें परक्या बंदरीं जन्मास आलें. आणि कर्त्याचा शेवटहि परक्याच शहरीं झाला. १९५१ च्या एप्रिलमध्यें पॅरिस येथें भाड्याच्या जागेंत त्यानें स्वहस्तें आपलें आयुष्य संपविलें.

पेर लाशेज ही दफनभूमि १८०४ सालीं उघडली. शहराच्या पूर्वेस ४४ हेक्टरांच्या टेकडीवर ती पसरली आहे. तींत रस्ते आहेत, चौक आहेत, जुन्या वृक्षांची दाट छाया आहे. गाम्बेता बाजूच्या दारानें आंत शिरलें म्हणजे ८५ वा विभाग फार दूर नाहीं. प्रूस्त हा विख्यात फ्रेंच कादंबरीकार याच विभागांत विसावला आहे. त्याच्याकडे जाणारांची वर्दळ होती. हिदायतच्या निमुळत्या दगडापाशीं कोणीच नव्हतें. परंतु थोड्याच अंतरावर एक वृद्ध गृहस्थ वांकून दुसरें एक थडगें बाटलींतील पाण्यानें धूत होते. धुवून झाल्यावर त्यांनीं दोन बोटें दगडावर टेकलीं आणि ओठांतल्या ओठांत कांहीं म्हटलें. इराणी लोकांत मृताची विचारपूस करण्याची ही रीत आहे.

आम्ही मुंबईकडील, असें कळतांच त्यांची मुद्रा पालटली. "म्हणजे 'घुबडा'च्या गांवचे!" ते हंसून म्हणाले. ते फ्रेंच बोलत, आणि पुतण्या मला त्याचें मराठी करून सांगे. १९८३ सालीं देश सोडून ते येथें आले होते. येथें त्यांनीं नोकरी केली, घर घेतलें, नातवंडें पाहिलीं. मीं सहज बोलून गेलों, "मग आतां हेंच आपलें घर म्हणावयाचें!" गृहस्थ क्षणभर थांबले. मग म्हणाले, "स्वतःच्या भूमीपासून दुरावलेल्यास आमच्या भाषेंत एक शब्द आहे : गरीब." एवढ्याचें भाषांतर करण्याची पुतण्यास गरज पडली नाहीं. फारसींतून आपल्याकडे आलेला हा शब्द. आपण त्यास निर्धनाचा अर्थ दिला, मूळ अर्थ परका, परदेशस्थ असा आहे. माझा प्रश्न किती उथळ होता, हें मला त्या एका शब्दानें उमगलें.

ज्या थडग्याची ते शुश्रूषा करीत होते, तें गुलाम-हुसेन साएदी याचें. हा तब्रीझचा, व्यवसायानें मानसरोगांचा वैद्य, वृत्तीनें नाटककार आणि कथाकार. त्याच्या एका कथेवरून १९६९ सालीं दारियूश मेहरजूई यांनीं 'गाव', म्हणजे 'गाय', हा बोलपट काढला. खेड्यांतल्या एका मनुष्याची एकुलती गाय मरते, आणि त्या दुःखानें तो स्वतःसच गाय समजूं लागतो, अशी ती कथा आहे. शाहाच्या 'सावाक' या गुप्त पोलिसांनीं १९७४ सालीं साएदीस पकडून छळलें. १९७९ सालीं शाहा गेला, इस्लामी प्रजासत्ताक आलें. परंतु शाहानें बांधलेला एव्हिनचा तुरुंग रिकामा पडला नाहीं. नव्या राज्यकर्त्यांनीं जुन्या कोठड्या भरल्या. साएदी लपतछपत पाकिस्तानच्या वाटेनें निसटून पॅरिसला पोहोंचला. येथें त्यानें 'अलेफबा' हें नियतकालिक चालविलें, पण त्याचा जीव लागला नाहीं. पॅरिसच्या इमारती आपणांस नाटकांतील देखाव्यासारख्या खोट्या वाटतात, असें त्यानेंच लिहून ठेविलें आहे. फ्रेंच भाषा शिकण्याचेंहि त्यानें टाळलें. १९८५ च्या नोव्हेंबरांत, वयाची पन्नाशी गांठण्यापूर्वींच, तो गेला. "त्याला पोहोंचविण्यास मी आलों होतों," गृहस्थ म्हणाले.

मग ते आम्हांस टेकडीच्या आग्नेय कोपऱ्यांतील एका भिंतीकडे घेऊन गेले. १८७१ च्या मे महिन्यांत पॅरिसच्या कम्यूनचा बंडावा मोडतांना सरकारी सैन्यानें १४७ जणांस या भिंतीशीं उभें करून गोळ्या घातल्या आणि तेथेंच एका खंदकांत लोटलें. आज त्या भिंतीवर पाटी आहे. दर वर्षीं लोक मिरवणुकीनें येऊन तेथें फुलें वाहतात. "ज्या राज्यानें मारलें, त्याच्याच राजधानींत ही फुलें," गृहस्थ म्हणाले. "आमच्याकडे हें अजून घडावयाचें आहे." आणि मग ते तेहरानजवळच्या खावरानविषयीं बोलूं लागले.

खावरान ही तेहरानच्या आग्नेयेस असलेली ओसाड जमीन. १९८१ पासून फांशी दिलेल्या डाव्या पक्षांच्या लोकांस तेथें पुरीत. १९८८ च्या उन्हाळ्यांत एव्हिन आणि गोहरदश्त या तुरुंगांतील राजकीय कैद्यांस चार-दोन अधिकाऱ्यांच्या मंडळापुढें उभें करण्यांत आलें. पुष्कळजण पूर्वीं झालेली शिक्षा भोगीत होते. कित्येकांची मुदत संपलीहि होती. कांहीं मिनिटांची प्रश्नोत्तरें होत आणि निकाल लागे. अशा रीतीनें कित्येक हजार माणसें मारलीं गेलीं. खोमेनींचे नियोजित वारस अयातुल्ला मुंतझिरी यांनीं निषेध केला; पुढल्या वर्षीं त्यांचा वारसा गेला. नातेवाइकांच्या हातीं महिन्यांनंतर एक कपड्यांची पिशवी आली, आणि शोक जाहीर करावयाचा नाहीं, अशी ताकीद मिळाली.

"माझा धाकटा भाऊ त्यांत होता," गृहस्थ सावकाश म्हणाले. "आई दर शुक्रवारीं खावरानला जाई. कोणता मुलगा कोठें पुरला, हें कोणासच ठाऊक नव्हतें. म्हणून प्रत्येक आई सर्वांसाठींच रडे. सरकारपक्षाचे लोक त्या जागेस 'लानताबाद', शापितांची वस्ती, म्हणत. आया म्हणत 'गुलझार'." त्या आयांना तेथें दगड बसवूं देत नसत. वाहिलेलीं फुलें तुडविलीं जात. २००९ च्या जानेवारींत तर यंत्रें लावून ती जमीनच उलथण्यांत आली. त्या माता हटल्या नाहींत. २०१४ सालीं दक्षिण कोरियांतील ग्वांगजू शहराचें मानवी हक्कांचें पारितोषिक त्यांस देण्यांत आलें. गृहस्थांची आई मात्र त्यापूर्वींच निवर्तली होती, आणि तिच्या मातीस त्यांना जातां आलें नाहीं.

आपल्याकडे जसा तेरावा आणि वर्षश्राद्ध, तसा इराणी लोकांत मृत्यूनंतरचा चाळिसावा दिवस मोठा. २०२२ च्या सप्टेंबरांत महसा अमीनी ही तरुणी पोलिसांच्या ताब्यांत असतांना मरण पावली. तिच्या चाळिसाव्या दिवशीं सक्केझ गांवाबाहेरील दफनभूमीकडे हजारों माणसें लोटलीं. रस्ते अडविले, तेव्हां लोक शेतांतून चालत गेले. जें सरकार जिवंतांचें बोलणें बंद करितें, त्यास अखेरीस मृतांच्या दगडांचेंहि भय वाटूं लागतें. कारण दगडावर नांव असतें, आणि नांव वाचलें म्हणजे हा कसा गेला, असें कोणी तरी विचारतोच. पॅरिसमध्यें थडगें आहे, पण आप्त दूर. खावरानला आप्त आहेत, पण थडगें नाहीं. एकाच राष्ट्राचें दुःख असें दोन ठिकाणीं वाटलें गेलें आहे.

परततांना मीं विचारलें, "साएदी आपले नातलग होते काय?" "नाहीं," ते म्हणाले. "भावाचा दगड मला धुतां येत नाहीं, म्हणून याचा धुतों. तिकडे एखादी बाई माझ्या भावासाठीं रडत असेल."

आम्ही पुन्हां ८५ व्या विभागापाशीं आलों. बाटलींत थोडें पाणी उरलें होतें. गृहस्थांनीं ती माझ्यापुढें केली आणि हिदायतच्या दगडाकडे बोट दाखविलें. मी ना त्याच्या देशाचा, ना त्याच्या धर्माचा. परंतु घरीं ज्यास बोलूं दिलें नाहीं, त्यानें आपलें पुस्तक आमच्या मुंबईंत लिहून काढलें होतें. तेवढें नातें पुरेसें वाटलें. मीं वांकून पाणी घातलें.