विषयांतर

स्पॅनिश-पोर्तुगीज कादंबऱ्यांचा पेपर माझ्याकडे आला तेव्हा पहिल्याच तासाला मी फळ्यावर तक्ता काढला. स्पेनचं यादवी युद्ध १९३६ ते १९३९. अंगोलातलं पोर्तुगीजांचं वसाहतयुद्ध १९६१ ते १९७४. मोझांबिकचं यादवी युद्ध १९७७ ते १९९२. प्रत्येक युद्धासमोर एकेक कादंबरी आणि तिच्यापुढे रकाना: संघर्षाचा प्रकार. आंतरिक, बाह्य, वर्गीय, वांशिक. गोव्यातल्या आमच्या कॉलेजात मुलांनी तक्ता निमूटपणे उतरवून घेतला. उतरवून घेण्यात ती पटाईत होती आणि देण्यात मी.

अडचण पहिल्याच आठवड्यात आली. आल्बेर्तो मेंदेस यांच्या २००४ सालच्या पुस्तकात चार पराभवांच्या चार गोष्टी आहेत. त्यातला पहिला माणूस कॅप्टन आलेग्रिया. हा फ्रँकोच्या सैन्यातला, म्हणजे जिंकणाऱ्या बाजूचा. माद्रिद पडणार हे उघड दिसत असताना हा गडी उठतो आणि हरणाऱ्यांना शरण जातो. मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘‘सर, जिंकतोय ना तो? मग शरण कशाला?’’ मी म्हणालो, ‘‘आंतरिक संघर्ष,’’ आणि पान उलटलं.

मुलाने ते लिहून घेतलं. परीक्षेत तेच आलं, आणि त्याला मार्कही मिळाले.

इंटर्नलसाठी मी मुलांकडून टिपणं लिहून घ्यायचो: कादंबरीतला संघर्ष तुम्हाला कसा दिसला? प्रश्नात ‘तुम्हाला’ होतं, पण ते शोभेपुरतं. एका वर्षी टिपणं तपासताना एक वाक्य मला फार आवडलं. समासात मी ‘उत्तम’ असं लिहिलं. पुढच्या कागदावर तेच वाक्य, त्याच्या पुढच्याही. माझ्याच नोट्सचं होतं. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे त्या स्पायरल बाइंडिंग करून मिळायच्या. हे कळल्यावर मला खरं तर थोडा अभिमानच वाटला होता.

एका मुलाने मात्र नोट्स बाजूला ठेवल्या. आंतोनियो लोबो आंतुनेश अंगोलात लष्करी डॉक्टर होते. त्यांच्या १९७९ च्या कादंबरीत युद्धावरून परतलेला एक डॉक्टर लिस्बनच्या बारमध्ये भेटलेल्या एका बाईला रात्रभर सगळं सांगत बसतो. मी हे ‘युद्धाचा मनावरचा आघात’ या रकान्यात टाकलं होतं. त्या मुलाने लिहिलं, की त्या बाईचं एकही वाक्य आपल्याला वाचायला मिळत नाही, मग सरांना तिच्याबद्दल काहीच का विचारावंसं वाटलं नाही? मी त्याला दहापैकी पाच दिले आणि आगाऊ मुलांच्या यादीत टाकलं. अशी यादी मी ठेवत होतो, हेही आता सांगून टाकतो.

पण खरं नुकसान झालं ते मिया कुटोंच्या ‘तेर्रा सोनांबुला’मुळे. ही कादंबरी १९९२ ची, मोझांबिकमधलं युद्ध संपलं त्याच वर्षाची. जळक्या बसच्या सांगाड्यात एक म्हातारा आणि एक मुलगा आसरा घेतात. तिथे एका मेलेल्या माणसाच्या वह्या सापडतात, आणि मुलगा त्या म्हाताऱ्याला वाचून दाखवू लागतो. वह्या किंद्झूच्या, आणि किंद्झूचा मित्र सुरेंद्र वाला नावाचा भारतीय दुकानदार. त्याची बायको असमा, रेडिओची नुसती खरखर ऐकत बसणारी. शिकवताना मी या जोडप्याला दुय्यम पात्रं म्हणून दोन ओळींत उरकलं होतं.

मडगावच्या एका गुजराती घरातली मुलगी वर्गात होती. तिने अख्खं टिपण सुरेंद्रच्या दुकानावर लिहिलं. आणि मध्येच स्वतःच्या आजोबांवर गेली. आजोबांचं मोझांबिकमधल्या बैरा शहरात दुकान होतं, पासपोर्ट भारताचा. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात उतरलं. त्याचा राग पोर्तुगीज सरकारने मोझांबिकमधल्या भारतीय नागरिकांवर काढला. त्यांना छावण्यांत डांबलं, मालमत्तेवर टाच आणली आणि देशाबाहेर काढलं. आजोबा परत आले ते उधारीची वही तेवढी घेऊन, कारण ती कोणालाच जप्त करावीशी वाटली नव्हती. वहीत पोर्तुगीज शिपाई होते, पाद्री होते, गोदीतले आफ्रिकन हमाल होते, सगळे गुजराती लिपीत, एकाखाली एक. गोवा मुक्त झाला म्हणून घरात पेढे वाटले आणि त्याच आठवड्यात आजोबा तारेच्या कुंपणाआड गेले, तर हा संघर्ष कोणत्या रकान्यात घालायचा, असं तिने सरळ विचारलं होतं.

मी लाल शाईने लिहिलं: ‘विषयांतर. पात्राची बाजू स्पष्ट करा.’ दहापैकी चार.

ती भांडायला आली नाही. पुढच्या टिपणात तिने तक्ता लावला, उपशीर्षकं दिली, निष्कर्ष काढला. आठ मार्क. शेवटी पहिल्या वर्गात पास झाली आणि बँकेच्या परीक्षांना बसली. मी तिचं उदाहरण पुढच्या बॅचला देत असे, सुधारणा कशी करावी म्हणून.

माझी चूक मला तत्त्वचिंतन करून कळली असती तर बरं दिसलं असतं. प्रत्यक्षात लीदिया जॉर्ज यांची १९८८ ची कादंबरी अभ्यासक्रमात आली म्हणून कळली. तीही बैरामधली. सुरुवातीला एक सुबक कथा: स्टेला मारिस हॉटेल, गच्चीवर लग्न, नवरा पोर्तुगीज अधिकारी. मग तीच नवरी वीस वर्षांनी बोलायला लागते आणि त्या कथेचं एकेक वाक्य उसवते. शहर, हॉटेल, समुद्र तेच, पण कथेने काय काय गिळलं ते ती सांगत जाते. नोट्स काढायला बसलो आणि पेन अडलं. वर्षानुवर्षं मी मुलांना त्या पहिल्या कथेसारखं लिहायला लावत होतो, आणि कोणी त्या बाईसारखं लिहिलं की मार्क कापत होतो.

निवृत्तीनंतर मोझांबिकमधल्या भारतीयांवर एक लेख लिहायला घेतला तेव्हा ते टिपण आठवलं. विभागात चौकशी केली. इंटर्नलचे कागद ठरावीक मुदतीनंतर रद्दीत जातात, आणि तो नियम मीच आग्रहाने पाळायला लावला होता. मग तिला फोन केला. ती आनंदाने बोलली. वही? घर बदलताना कुठे गेली, कोणाला माहीत नव्हतं. ‘‘तेव्हा घेतली असतीत तर आजोबांनी वाचूनसुद्धा दाखवली असती सर. त्यांना कोणी ऐकणारं हवंच होतं.’’ हे ती टोमणा म्हणून बोलली नाही, त्यामुळे जास्त लागलं. लेख मी पूर्ण केला. त्यात छावण्या आहेत, जप्ती आहे, सालं बरोबर आहेत. माणूस एकही नाही.

मध्यंतरी कॉलेजवरून जात होतो. झेरॉक्सवाल्याकडे माझ्या नोट्स अजून मिळतात, आता रंगीत मुखपृष्ठासह. चाळून पाहिल्या. कॅप्टन आलेग्रिया: आंतरिक संघर्ष. म्हटलं, या आता बंद करा, त्यात बरंच चुकलंय. त्याने काउंटरवरचा गठ्ठा सारखा केला आणि म्हणाला, ‘‘असू दे हो सर, पेपरात तेच येतं.’’